हुंदकेवालीचं जादाचं

दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. गाल सुजलेला, डोकं ठणकत होतं, आणि समोर भिंतीवरच्या टीव्हीत एक बाई विम्यासाठी रडत होती. नवरा गेला, घर गेलं, वेळेवर विमा काढला असता तर ही वेळ आली नसती, वगैरे. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रुमाल काढून डोळे टिपले. मी मात्र खुर्चीवरून उठलेच. पडद्यावरचा चेहरा कुठल्या तरी गुळगुळीत बाईचा होता, पण गळा आमच्या खालच्या मजल्यावरचा होता. हुंदका ओसरताना आवंढा, आणि आवंढ्याच्या शेपटीला जिभेचा बारीकसा टच्च आवाज. तो टच्च जगात एकाच बाईचा. आणि ती बाई कुठल्याच विम्यासाठी रडलेली नव्हती हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण कित्येक महिन्यांत तिला कुणी रडायला बोलावलंच नव्हतं.

दात तसाच ठेवून मी घरी आले.

आमच्या इमारतीत तिला सगळे हुंदकेवाली म्हणतात. नाव चेष्टेतून पडलं, तिनं ते मिरवायला घेतलं. धंदा डबिंगचा. परभाषेतले सिनेमे आपल्या भाषेत आणायचे तर पडद्यावरच्या ओठांना कुणीतरी आवाज द्यावा लागतो. काचेच्या खोलीत उभं राहायचं, कानाला हेडफोन, समोर पडद्यावर बाई तोंड उघडते, आपण तिच्या तोंडात आपला शब्द नेमका बसवायचा. हिचा हातखंडा रडण्यात. तरुणपणी ही एका मैत्रिणीला सोबत म्हणून स्टुडिओत गेली होती. मैत्रिणीला नटी व्हायचं होतं. तिथे ठरलेल्या बाईचा घसा बसला म्हणून डबिंग डायरेक्टर वैतागून ओरडला, "अरे, कुणी नुसतं रडून दाखवेल का?" मैत्रीण लाजली. ही रडली. "त्याच दिवशी सकाळी थोरलीनं मला झोडपलं होतं," ती सांगते, "माल तयारच होता."

तेव्हापासून तीस-एक वर्षं नायिका हिच्या गळ्यानं रडल्या. मला त्या सिनेमांची शिसारी आहे, ते इथेच सांगून टाकते. नायक मुलीच्या मागे लागतो, ती नाही म्हणते, तो गाडी आडवी घालतो, हात पिरगाळतो, ती रडते, आणि पुढच्या गाण्यात ती त्याच्या गळ्यात. थिएटरात शिट्ट्या. हे असले सिनेमे बघून आमच्या गल्लीतल्या पोरांनी प्रेम करायला शिकावं, म्हणजे शेळीपालन लांडग्याकडून शिकण्यासारखं. मी एकदा तिला तोंडावर म्हटलं, "तू चोरांच्या साथीला रडलीस."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी रडले म्हणून तरी लोकांना कळलं की मारल्यावर दुखतं. त्या नटीला तर काजळाची काळजी."

मी खाली बसून तिच्याबरोबर भाजी निवडायला लागले. असं माझं क्वचित होतं.

नटीला रडण्याचं बक्षीस मिळालं, तेव्हा ही घरात बसून टाळ्या वाजवत होती. पडद्यावर नावं सरकतात त्यात जेवण पुरवणाऱ्याचं नाव येतं, कुत्रा सांभाळणाऱ्याचं येतं, हिचं कधी आलं नाही. त्याचंही तिला काही नाही. तिचा सगळा मान एका गोष्टीत होता, तिला ते लोक 'जादाचं' म्हणतात.

हे जादाचं नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा राडा त्यातून झाला. डबिंगचं काम संपलं, वाक्यं झाली, तरी चांगला कलाकार लगेच काचेच्या खोलीबाहेर पडत नाही. उभ्या उभ्या तो चार गोष्टी जास्त देऊन जातो. दोन हुंदके, एक दचकणं, एक "नको ना", एक "थांब", थोडं हसू, थोडा खोकला. पुढे कुठे जागा रिकामी राहिली तर रेकॉर्डिस्टनं त्यातलं उचलून भरावं, माणसाला परत बोलवावं लागू नये. याचे वेगळे पैसे नाहीत, कुणी मागतही नाही. पण न देता गेलात तर मागे बोललं जातं, 'मोजून मापून काम करणारी आहे.' हुंदकेवालीचं जादाचं ऐकायला बाजूच्या खोलीतले लोक यायचे. ती मनापासून द्यायची. रेकॉर्डिस्ट तिचा तो टच्च तेवढा कात्रीनं उडवायचा आणि बाकीचं जपून ठेवायचा. म्हणून सिनेमात तो टच्च कधीच ऐकू आला नाही. तो ऐकलाय आम्ही, घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी.

आता थोरली. हुंदकेवालीची मोठी बहीण, भाजीबाजारात गाळा. नवरा दोघींनाही नाही, एकीचा वारला, एकीनं हाकलला. कोणी कोणता ते त्यांनाच विचारा, दोघी वेगवेगळं सांगतात. दोघी एकाच घरात. बहिणींचा आवाज एकाच मुशीतला, फक्त धाकटीनं तो रडायला वापरला आणि थोरलीनं आरोळी द्यायला. थोरली ओरडली की बाजाराच्या दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक वळायचं. मग तिच्या घशात गाठ झाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाजाची पेटी काढली. मानेला भोक, त्यावर कापड. घशाला डबा टेकवून भुंग्यासारखं बोलायचं एक यंत्र दिलं होतं, ते तिनं पहिल्याच दिवशी वांग्यांच्या टोपलीत फेकलं.

इस्पितळातूनच एका प्राध्यापकाचा पत्ता मिळाला. विद्यापीठात त्याची प्रयोगशाळा. वाचा गेलेल्यांसाठी तो हातात धरायची एक पाटी बनवत होता: पाटीवर लिहायचं, पाटी बोलणार. आणि कुणाच्या तरी आवाजात नाही, रक्ताच्या नात्यातल्या माणसाचा आवाज घेऊन रुग्णाच्या आवाजाच्या जवळ नेलेल्या आवाजात. माणूस तेव्हा चांगला होता, हेही सांगते. धाकटीला त्यानं बसवलं, पाणी दिलं, विचारलं, "हे रेकॉर्डिंग संशोधनासाठी आणि वाचा गेलेल्यांसाठी वापरू, चालेल?" थोरली शेजारी मानेला कापड बांधून बसलेली. तिथे कोण नाही म्हणणार? घराला आग लागलेल्या माणसाला बादली देताना विचारायचं, "तुमची संमती आहे ना?" आणि वर त्याला शास्त्राची नीती म्हणायचं!

वाक्यं वाचून झाली. सपाट वाक्यं, 'आज हवा छान आहे' छापाची. प्राध्यापक म्हणाला, "झालं, धन्यवाद."

आणि माझी ही बाई जागची हलेना. काचेची खोली, समोर माईक, काम संपलेलं. पाय बाहेर निघेचनात. "थांबा," म्हणाली, "जादाचं देते." आणि दिलं तिनं. रडून दिलं, विनवून दिलं, संतापून दिलं. लेकरू हरवल्यासारखी हाका मारल्या. थोरलीची बाजारातली आरोळी दिली. बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर जे रडू दाबून ठेवलं होतं तेसुद्धा तिथे मोकळं केलं. प्राध्यापकाच्या विद्यार्थिनी डोळे पुसत होत्या. तो म्हणाला, "हे तर आम्ही मागितलंच नव्हतं!"

"मागायचं नसतंच," ही म्हणाली.

पाटी आली. थोरलीनं त्यावर पहिलं वाक्य लिहिलं आणि घरात तिचाच आवाज घुमला, "धाकटे, चहा आहे का भांडी धुतलेलं पाणी?" धाकटी जी रडली म्हणता! आम्ही वरच्या मजल्यावरून धावत खाली गेलो, कुणी गेलं की काय म्हणून.

थोरली पुन्हा गाळ्यावर बसली. पाटीची एकच खोड, आवाज पाटीत नव्हता. तो दूर कुठल्या तरी यंत्रातून इंटरनेटवरून यायचा. मध्ये दंगलीच्या भीतीनं सरकारनं आमच्या भागाचं इंटरनेट बंद केलं तेव्हा थोरली तितके दिवस मुकी. मी रस्त्यावर बसले, घोषणा दिल्या, पोलिसांनी उचलून नेलं. प्रयोगशाळा तोवर एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली होती, प्राध्यापकासकट. त्या कंपनीनंही तेव्हा आपल्या चिन्हाला निळी फीत लावली होती, 'इंटरनेट मुक्त हवं' म्हणून. मी, भोळी, तेव्हा त्यांना आपल्यातलं समजले. थू.

तर दातांच्या डॉक्टरकडून आले ती थेट खालच्या मजल्यावर. थोरली बाजारात होती. मी म्हटलं, "तू टीव्हीवर विम्यासाठी रडतेयस."

हुंदकेवाली कपडे वाळत घालत होती. "माहितेय," म्हणाली.

"माहितेय?"

"सिनेमा बघायला गेले होते. नायक त्या पोरीला केसाला धरून जिन्यावरून ओढतो. ती रडते. टच्च ऐकू आला." ओली साडी तिनं झटकून दोरीवर टाकली. "ते रडणं थोरलीच्या ऑपरेशनचं होतं गं. बाकावरचं. त्या दळभद्र्या जिन्यासाठी वापरलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"पाटी कुणाची आहे? त्यांचीच ना? मग?"

मी माहिती काढली. मी शिकलेली नाही. मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यावर बसून कंपन्यांच्या अटी-शर्ती वाचत वाचत शहाणी झालेली बाई आहे. पण त्यांची दुकानं मला सापडतात. आवाजांच्या दुकानात हिचा आवाज मांडलेला होता, त्याचं नाव 'करुणा'. 'भावपूर्ण. विश्वासार्ह. आईपण जागवणारा.' कुणीही घ्यावा, काहीही बोलवून घ्यावं. विमा, साबण, थकलेल्या हप्त्याच्या धमक्या, सिनेमा. स्टुडिओ तिला का बोलावत नव्हते ते कळलं. फुकट दिलेल्या जादाच्यानं तिचीच जागा भरली होती.

मी तिला खुर्चीवर बसवून मोबाइलवर बोलायला लावलं. पाटीचं नाव काढायचं नाही या बोलीवर ती तयार झाली. साधं बोलली, "हा आवाज माझा आहे. मी तो आजाऱ्यांसाठी दिला होता. विकायला दिला नव्हता." मी ते सगळीकडे टाकलं. संध्याकाळच्या आत कंपनीच्या तक्रारीवरून गायब! कारण काय, तर 'या चित्रफितीत संरक्षित आवाजाची नक्कल आढळली.' म्हणजे बाई बोलली ती स्वतःची नक्कल! सरकारनं तोंड दाबलं की हे फिती लावतात, आणि स्वतः दाबलं की त्याला धोरण म्हणतात. मला दोन्ही हात सारखेच घाणेरडे वाटतात, हवं तर लिहून घ्या.

कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. हुंदकेवालीनं फोन कानाला लावला आणि झटकन दूर धरला, विंचू चावल्यासारखा. मी स्पीकर लावला.

"नमस्कार! मी करुणा. तुमचा त्रास मला समजतो."

"अगं, ही तर मीच," हुंदकेवाली कुजबुजली.

"कृपया तुमची तक्रार थोडक्यात सांगा."

"तक्रार तूच आहेस, टवळे!"

"माफ करा, ही सेवा आमच्याकडे उपलब्ध नाही. आणखी काही?"

"माझा आवाज चोरलात तुम्ही!"

"आवाजाच्या मालकीबद्दल तक्रार असल्यास, ओळख पटवण्यासाठी पुढील वाक्य मोठ्यानं म्हणा: आज हवा छान आहे."

"आज हवा छान आहे," ही म्हणाली, अगदी मन लावून. डबिंगवाली ती, वाक्य दिलं की नीटच म्हणणार.

"क्षमस्व. हा आवाज यंत्रानं तयार केलेला वाटतो. कृपया खऱ्या माणसाला बोलायला सांगा."

मी फोन हिसकावला आणि माझ्या गल्लीच्या भाषेत जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. मग तोच गोड आवाज, "धन्यवाद. आपण माणूस आहात याची खात्री पटली." एवढा विश्वास मला माझ्या सासरच्यांनीही दाखवला नव्हता. भेटीची वेळ मात्र मिळाली.

कंपनीच्या कचेरीत बसायला खुर्च्या नाहीत, रंगीत गाद्या. पाण्यात काकडीचे काप. भिंतीवर हे मोठं: 'मुक्त इंटरनेट, मुक्त माणूस'. समोर दोन माणसं. एक प्राध्यापक, आता नवी चप्पल, नवा चष्मा, नजर काकडीवर. दुसरी एक तरुण बाई, तिचं खातंच नीतीचं होतं; कंपनीनं नीतीसाठी पगारी माणूस ठेवला होता, जसं आपण उंदरांसाठी मांजर ठेवतो. फरक इतकाच की हे मांजर उंदरांचंच खाऊन वाढलेलं.

"ताई, तुमच्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या," नीतीवाली म्हणाली.

"भावना तर आधीच पोचल्या होत्या. विकल्यात की तुम्ही," मी म्हटलं.

"संमती संशोधनासाठी होती, आणि आमचं सगळं कामच संशोधन आहे. पण आम्ही संमतीचा आदर करतो. ताई आजच्या आज ती मागे घेऊ शकतात. नुसतं तोंडानं म्हटलं तरी पुरे."

हुंदकेवाली पुढे सरकली. "घेते की."

"फक्त एक," नीतीवालीचा आवाज मऊ झाला, "आवाज पुसला की त्यावर चालणारं सगळंच बंद होतं. तुमच्या बहिणीची पाटीसुद्धा. निर्णय सर्वस्वी तुमचा."

मी प्राध्यापकाकडे पाहिलं. "तिचा एकटीचा चालू ठेवता येत नाही?"

तो काकडीला म्हणाला, "तांत्रिकदृष्ट्या... तसा विचार झालेला नाही."

"तुमच्या तोंडाला आवाज आहे ना? मग तो वापरा की!" मी ओरडले. "बहिणीला ओलीस धरलंय तिच्या, आणि तुम्ही पाणी पिताय!"

हुंदकेवालीनं माझं मनगट धरलं. "चल," म्हणाली. "राहू दे. मला नाही घ्यायची मागे."

वाटेत ती म्हणाली, "माझा गेला तर गेला. तिचा एकदा गेलाय, दुसऱ्यांदा मी घालवू?" खरं सांगायचं तर मला तिचा राग आला होता. लढाईच्या मधोमध शस्त्र टाकणारी माणसं मला आवडत नाहीत. थोरलीला तिनं काही सांगितलं नाही, मलाही दम दिला, "तिला कळलं तर तुझं तोंड बघणार नाही."

पण कळायचं ते कळलंच. सांगितलं अंडीवालीनं, आणि तेही न सांगता.

अंडीवाली म्हणजे थोरलीच्या शेजारच्या गाळ्यावरची तिची जन्माची भांडखोर मैत्रीण. तिची लेक परगावी नोकरीला. दोन-चार दिवस अंडीवाली आली नव्हती, आली ती काळवंडून. त्या दिवशी मी लिंबं घ्यायला तिथेच होते. थोरलीनं पाटीवर लिहिलं आणि पाटी बोलली, "काय गं, कोंबड्या संपावर गेल्या का?"

अंडीवालीनं दोन्ही कान दाबले. पाठीमागचा ट्रे धाडकन खाली आला, अंडी फुटली, ती तिकडे बघेचना. "बंद कर!" ती किंचाळली. "तो आवाज बंद कर आधी!"

मग बाजूला बसवून पाणी पाजल्यावर बोलली. फोन आला होता. लेक रडत होती: आई, मला धरलंय, मला वाचव, पैसे पाठव. शब्दाशब्दाला हुंदका. आईनं विचार केला नाही, होतं नव्हतं ते पाठवलं. लेक खरं तर कामावर सुखरूप होती. "आवाज लेकीचा नव्हता गं," अंडीवाली म्हणाली, "मला तेव्हाही वाटलं होतं, हा कुणाचा तरी ओळखीचा आवाज आहे. पण तशी रडल्यावर कोण पारखत बसतं? आता पाटी बोलली आणि कळलं. तुझा होता. तुझ्या आवाजात माझी लेक मरत होती."

थोरली अंडीवालीकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळली. त्या बाईला आवाज नसला तरी नजर आहे, आणि त्या नजरेपुढे पोलिसांपुढे तोंड न उघडणारी मी सगळं बोलून गेले. करुणा, विमा, जिना, काकडी, सगळं. हुंदकेवालीला दिलेला शब्द मोडला. मोडला तर मोडला.

थोरलीनं गाळा भरदिवसा बंद केला. घरी आली, पाटी समोर ठेवली. धाकटी पोळ्या लाटत होती. पाटी म्हणाली, "काढून घे."

"काय?"

"संमती. आत्ता."

"आणि तू?"

"मी भाजी विकते. भाजी बोलत नाही."

"थोरले, तू मुकी होशील!"

"अंडीवाली कान झाकते मला बघून. असला आवाज घेऊन काय लोणचं घालू?"

धाकटी म्हणाली, नाही. थोरलीनं लिहिलं, हो. धाकटीनं पाटी हिसकायला बघितली, थोरलीनं तिच्या हातावर लाटणं मारलं. दोघी साठीच्या घरात, आणि भांडत होत्या शाळकरी पोरींसारख्या; एकीचा आवाज तोंडातून, दुसरीचा टेबलावरून, आणि दोन्ही आवाज एकच. मी दारात उभी राहून ऐकत होते, कोण कुठलं वाक्य बोललं ते मला पाठ फिरवली की कळत नव्हतं. शेवटी धाकटीची ताकद संपली. थोरली तशी नेहमीच जिंकते.

नीतीवालीला फोन लावला. धाकटीनं तोंडानं म्हटलं, संमती मागे. नीतीवाली म्हणाली, "तुमच्या निर्णयाचा आदर आहे. उद्या सकाळपर्यंत पुसलं जाईल. आणि मोठ्या ताईंची गैरसोय नको, पाटीसाठी आमच्या साठ्यातला दुसरा एखादा छान आवाज निवडता येईल."

थोरलीनं लिहिलं. पाटी बोलली, "तो कुणाच्या बहिणीचा?"

पलीकडून फोन ठेवला गेला.

ती संध्याकाळ थोरलीनं वाया घालवली नाही. बाजारात परत गेली आणि पाटीकडून जुनी सगळी भांडणं उकरून काढली. टोमॅटोवाल्याला त्याच्या काट्याबद्दल सुनावलं, मला माझ्या जिभेबद्दल. अंडीवालीपाशी मात्र पाटी झाकून गेली, नुसती तिच्याजवळ बसली. घरी येऊन तिनं शेवटचं वाक्य धाकटीसाठी लिहिलं, "रडू नकोस. रडलीस तर तेही घेतील." सकाळी पाटीवर लिहिलं तर पाटी गप्प.

मला वाटलं, चला, हरलो पण अब्रूनं हरलो. कंपनीनं शब्द पाळला, करुणा दुकानातून गेली.

काही आठवड्यांनी माझ्याच मोबाइलवर फोन आला. कुणी बाई ओक्साबोक्शी रडत होती, मुलाच्या उपचाराला मदत करा म्हणून. आवाज जरा बारीक केलेला, वेगळाच. मी ठेवणार होते. तेवढ्यात आवंढा, आणि टच्च.

नीतीवालीला गाठलं. ती न अडखळता म्हणाली, अगदी सरळ, जणू हवामान सांगतेय, "आम्ही जी वाक्यं मागितली होती, ती सगळी पुसली. संमती त्यांच्यापुरतीच होती, म्हणून मागे घेणंही त्यांच्यापुरतंच. बाकीचे आवाज ताईंनी न मागता दिलेत. ती भेट होती. भेट परत घेत नाहीत ना?"

म्हणजे बघा. 'आज हवा छान आहे' पुसलं. थोरलीची पाटी ज्यावर बोलायची ते पुसलं. आणि रडणं, विनवणं, लेकरू हरवल्याच्या हाका, बाकावरचं ते ऑपरेशनचं रडू ठेवलं. कारण ते जादाचं! चोराला दार उघडं सापडलं तर एक वेळ समजू शकते. पण पाहुण्याला आग्रहानं वाढलेलं त्यानं खिशात घालून न्यावं, विकावं, आणि वर म्हणावं, तुम्हीच तर वाढलंत! मला त्या कंपनीची, त्या काकडीच्या पाण्याची, त्या प्राध्यापकाच्या नव्या चष्म्याची किळस येते. राग येऊन जातो. किळस जात नाही, तोंडात राहते. मी केस घातली आहे, वकील मिळत नाहीत, मीच उभी राहते. त्याचं काय होईल ते होईल.

हुंदकेवालीला मी हे गाळ्यावरच सांगितलं. हल्ली तीच थोरलीच्या शेजारी उभी राहून आरोळ्या देते, आणि वाईट देते. "ताजी भेंडीऽऽ" अशी देते की वाटावं, भेंडीच्या घरी कुणी गेलंय. बाजार हसतो. थोरली आवाज नसताना हसते, खांदे हलवून. मी सांगत होते तेव्हा हुंदकेवाली एका गिऱ्हाइकाची गवार तोलत होती. सगळं ऐकलं. मधल्या काळात तिला एका स्टुडिओनं बोलावलं होतं, छोटंसं काम. तिथून ती वाक्यं संपताच बाहेर पडली होती, रेकॉर्डिस्ट "जादाचं?" म्हणत मागे आला तरी. तिनंच मला सांगितलं होतं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, वर दोन मिरच्या टाका की."

"जादाचं बंद," हुंदकेवाली म्हणाली. "मापात मिळेल. वर काही नाही."

गिऱ्हाईक वरमलं. पिशवी उचलायला लागलं.

थोरलीनं काट्याच्या पारड्यावर वजन आपटलं. ठण्ण! आजूबाजूचे गाळे वळले. ती उठली, धाकटीकडे असं बघितलं की मीसुद्धा एक पाऊल मागे झाले. मग मिरच्यांच्या ढिगात हात घातला, मूठभर उचलल्या, गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोंबल्या, वर एक लिंबू. आणि तोच हात धाकटीच्या पाठीत घातला, जोरात.

"आई गं!" हुंदकेवाली कळवळली. शेजारून अंडीवाली खुदकन हसली.

मी माझी भाजी घेऊन निघाले. घरी पिशवी उपडी केली तर मी न मागितलेलं एक बीट निघालं, मातीसकट.